खोली ज्याची, त्याला आधी विचारावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

किशोरवयीन मुलामुलींच्या खोल्यांची सजावट या विषयावर आपल्या पुरवणीत गेल्या काही आठवड्यांत आलेले सचित्र लेख मी लक्षपूर्वक वाचले. छायाचित्रे देखणी होती, रंगसंगती नेटकी होती आणि कोपऱ्याकोपऱ्याचा उपयोग कल्पकतेने केलेला दिसत होता. तरीही प्रत्येक लेख वाचून झाल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते आणि ते काय, हे कळायला फार वेळ लागला नाही. एकाही लेखात त्या खोलीत राहणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे एक वाक्यसुद्धा नव्हते. सजावटकार बोलले होते, आईवडील बोलले होते, पण ज्याला त्या पलंगावर झोपायचे आहे आणि त्या टेबलाशी बसून अभ्यास करायचा आहे, त्याला काय हवे होते हे कोणी विचारल्याची खूण कुठेच नव्हती. दोन लेखांत तर मूल घराबाहेर गेलेले असताना खोली पूर्णपणे पालटून त्याला सुखद धक्का दिल्याचे कौतुकाने सांगितले होते. घरांच्या अंतर्गत रचनेचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करीत आले आहे आणि असाच धक्का मी एकदा माझ्या स्वतःच्या मुलालाही दिला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो दहा दिवसांच्या शिबिराला गेला आणि त्या दहा दिवसांत मी सुतार, रंगारी आणि वायरमन यांना एकामागोमाग एक बोलावून त्याची खोली ओळखू येणार नाही इतकी बदलून टाकली. ग्रहताऱ्यांचे त्याला वेड आहे, असे माझ्या मनात पक्के होते. म्हणून छताला गडद निळा रंग, त्यावर अंधारात चमकणारे तारे, पलंगाच्या उशाशी शनीच्या कड्यासारखा गोल दिवा, असा सगळा थाट मी केला. त्याचे जुने लाकडी टेबल, ज्याच्या फळीवर कंपासच्या टोकाने कोरलेल्या रेघा आणि शाईचे डाग होते, ते नव्या रचनेत विजोड दिसेल म्हणून मी देऊन टाकले. मुलगा परत आला, क्षणभर दारात उभा राहिला, “छान झालीय” एवढेच म्हणाला आणि आंघोळीला निघून गेला. पुढचे कित्येक महिने तो अभ्यासाला बैठकीच्या खोलीत बसत असे आणि मित्र आले की त्यांना घेऊन गच्चीवर जात असे. मी कारण विचारले तेव्हा बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “आई, मी दहा वर्षांचा असताना मला ही खोली खूप आवडली असती.” टेबलावरच्या त्या रेघा त्याच्या एका जिवलग मित्राने दुसऱ्या गावी राहायला जाण्यापूर्वी कोरल्या होत्या, हेही मला त्याच दिवशी कळले. इतरांच्या घरी काम करताना घरातल्या प्रत्येकाशी स्वतंत्र बोलून मगच कागदावर रेघ ओढणारी मी, माझ्याच मुलाशी बोलले नव्हते. त्या टेबलाची हळहळ मला आजही वाटते.

या वयात खोली बदलण्याची गरज खरोखरच असते, याबद्दल माझे दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षे या वयाला किशोरावस्था म्हणते, आणि या काळात शरीर इतक्या झपाट्याने बदलते की सहा वर्षांच्या मुलासाठी केलेले सामान तेराव्या वर्षी अक्षरशः तोकडे पडते. वाढीच्या ऐन भरात मुलगे वर्षाला 9 ते 10 सेंटीमीटर आणि मुली साधारण 8 सेंटीमीटर उंच होतात. मुलींमध्ये हा भर बहुधा दोन वर्षे आधी येतो. म्हणून पलंग घेताना मुलाची आजची उंची धरून चालत नाही. झोपणाऱ्याच्या उंचीपेक्षा गादी निदान 15 सेंटीमीटर लांब असावी, असा आमच्या कामातला साधा हिशेब आहे, आणि तो करताना मूल पूर्ण वाढल्यावर किती उंच होईल याचा अंदाज घरातल्या मोठ्यांकडे पाहून बांधावा. गाडीच्या किंवा होडीच्या आकाराचे पलंग लहानपणी कितीही गोड दिसले, तरी त्यांची लांबी वाढवता येत नाही आणि त्यांचे रूपही वयाबरोबर वाढत नाही.

खुर्चीच्या बाबतीत तर पालकांची हटकून फसगत होते, कारण खुर्ची दिसायला चांगली असली की ती बसायलाही चांगली असेल असे आपण गृहीत धरतो. बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत, गुडघ्याच्या मागे आणि बैठकीच्या कडेमध्ये दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे आणि कोपर काटकोनात वाकवल्यावर हात टेबलाच्या पृष्ठभागावर अलगद आले पाहिजेत. खांदे उचलावे लागत असतील तर टेबल उंच आहे आणि पुढे वाकावे लागत असेल तर ते ठेंगणे आहे. नेहमीची टेबले 72 ते 75 सेंटीमीटर उंच असतात, म्हणजे ती प्रौढांच्या मापाची असतात. बारा वर्षांच्या ठेंगण्या मुलीला तिथे बसवायचे तर खुर्ची वर घ्यावी लागते, आणि खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात. अशा वेळी पायांखाली पक्का पाट द्यावा आणि उंची जशी वाढेल तसा तो काढून घ्यावा. ज्यांना एकाच वस्तूवर हात सैल सोडणे शक्य आहे, त्यांनी तो बैठक आणि पाठ वरखाली करता येणाऱ्या खुर्चीसाठी सोडावा, कारण तीच खुर्ची बाराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत उपयोगी पडते. संगणकाचा पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. पुस्तक डोळ्यांपासून एक फुटाहून जवळ येऊ नये.

सजावटीच्या लेखांत दिव्यांची छायाचित्रे भरपूर असतात, पण उजेडाविषयी जवळजवळ काहीच लिहिलेले नसते. छताच्या मधोमध एकच प्रखर दिवा लावला की टेबलाशी बसलेल्या मुलाच्या डोक्याची सावली त्याच्याच वहीवर पडते. म्हणून टेबलावर स्वतंत्र दिवा हवाच. उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी तो डावीकडे आणि डावखुऱ्यासाठी उजवीकडे असावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. दिवा दुप्पट लांब नेला की कागदावरचा उजेड जवळजवळ चौथाईवर येतो, त्यामुळे फार मोठ्या दिव्यापेक्षा वाकवून जवळ आणता येईल असा छोटा दिवा अधिक कामाचा ठरतो. वाचनासाठी साधारण 500 लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड पुरेसा मानतात. दिवसा खिडकीचा उजेड बाजूने यावा. तो समोरून आला तर डोळे दिपतात आणि पाठीमागून आला तर संगणकाच्या पडद्यावर चकाकी येते. टेबल खिडकीसमोर ठेवलेले छायाचित्रात फार छान दिसते, हे मान्य आहे, परंतु भर दुपारी तिथे बसून पाहिल्याशिवाय तो निर्णय घेऊ नये.

संध्याकाळनंतरच्या उजेडाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी झोपेबद्दल थोडे सांगावे लागेल. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोपेची वर्दी देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक पूर्वीपेक्षा उशिरा, काही मुलांत तर दोन तासांपर्यंत उशिरा, पाझरू लागते. रात्री अकरापर्यंत झोप न येणे आणि सकाळी डोळे न उघडणे याला घरोघरी आळस म्हटले जाते, पण त्यात मुलाचा दोष थोडा आणि शरीराचा धर्म अधिक असतो. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोपेची गरज असते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. डोळ्यांत प्रकाशाची नोंद घेऊन शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवणाऱ्या खास पेशी असतात आणि त्या निळसर प्रकाशाला, म्हणजे सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. केल्विन हे दिव्याच्या प्रकाशाच्या छटेचे माप आहे; आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर पांढरा आणि जितका लहान तितका पिवळसर. म्हणूनच 6500 केल्विनचा पांढराशुभ्र दिवा रात्री दहा वाजता खोलीत लावणे म्हणजे आधीच उशिरा येणारी झोप आणखी लांबवणे होय. माझी शिफारस अशी असते की अभ्यासाच्या दिव्यासाठी 4000 केल्विनच्या आसपासचा आणि पलंगाजवळच्या दिव्यासाठी 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब घ्यावा, आणि दोन्हींची बटणे वेगळी असावीत. पलंगाजवळच्या दिव्याचे बटण झोपल्या जागेवरून हाताला येईल असे असावे. हे आकडे बल्बच्या खोक्यावर छापलेले असतात. छतावरच्या कडेने फिरणाऱ्या निळ्या-जांभळ्या प्रकाशपट्ट्या सध्या मुलांना फार आवडतात. त्या लावायला हरकत नाही, मात्र त्यांचा प्रकाश कमी करता आला पाहिजे आणि झोपण्यापूर्वी तासभर त्या बंद ठेवण्याचे मुलाशी आधीच ठरलेले असावे. पडदे मात्र दाट कापडाचे असावेत, आणि सकाळी उठल्याबरोबर ते पूर्ण उघडण्याची सवय लावावी, कारण सकाळचा उजेड त्या पुढे सरकलेल्या घड्याळाला मागे खेचतो.

नव्या फर्निचरच्या वासाबद्दल पालक मला विचारतात, तेव्हा बहुतेकांना तो वास नवेपणाचा आणि म्हणून चांगला वाटत असतो. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि प्लायवुड यांतल्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याचे वर्गीकरण माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केले आहे. याचा अर्थ घाबरून जावे असा नव्हे. बोर्ड घेताना तो ई-1 दर्जाचा, म्हणजे हा वायू कमी सोडणारा, किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा आहे ना, हे विचारावे, कापलेल्या कडा उघड्या न ठेवता त्यांवर कडपट्टी लावून घ्यावी, कारण वायू कडांमधून अधिक सुटतो, आणि सामान बसवल्यावर खिडक्या उघड्या ठेवून खोली काही दिवस रिकामी राहू द्यावी. रंगाबाबतही कमी वासाचा, पाण्यात मिसळणारा रंग घ्यावा. घर जुने असेल तर आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते आणि भिंत किंवा चौकट कोरडीच घासली तर त्याची धूळ घरभर पसरते. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते, आणि नव्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नसावे ही मर्यादा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने सुचवली आहे. जुना रंग ओला करूनच खरवडावा आणि ते काम चालू असताना मुलांनी त्या खोलीत थांबू नये.

कपाटे आणि खणांचे ठोकळे भिंतीला स्क्रूने पक्के बांधा, हे मी प्रत्येक घरी सांगते आणि निम्म्या घरांत ते सांगणे अतिरेकी मानले जाते. दोन-तीन भरलेले खण एकाच वेळी बाहेर ओढले की उंच सामानाचा गुरुत्वमध्य पुढे येतो आणि ते पुढे कोसळू शकते. किशोरवयीन मूल स्वतः सावध असेल, पण त्याच्या खोलीत धाकटी भावंडे येतात आणि त्यांना उघड्या खणांच्या पायऱ्या दिसतात. जड वस्तू खालच्या खणांत ठेवाव्यात. दुमजली पलंग करायचा तर वरच्या बाजूचा कठडा गादीच्या वर निदान 5 इंच यायला हवा, म्हणजे जाड गादी आणली की कठड्याचा हिशेब पुन्हा करावा लागतो. वर ताठ बसल्यावर डोके छताला लागू नये, आणि छताचा पंखा हाताच्या टप्प्यात येत असेल तर तो बेत सोडूनच द्यावा. विजेच्या जोडण्यांबाबत एवढेच सांगते की मूल किती यंत्रे वापरते ते मोजून तितके प्लग भिंतीतच द्यावेत, म्हणजे एका पट्टीत दुसरी पट्टी खोचण्याची वेळ येत नाही.

पुस्तकांच्या फळ्यांचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण वाकलेल्या फळ्या मी इतक्या घरांत पाहिल्या आहेत की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. फळी पुस्तकांनी पूर्ण भरलेली असेल, तर तिची लांबी दुप्पट केल्यावर ती सोळापट वाकते. जाडी दुप्पट केली तर वाकण्याचे प्रमाण एक-अष्टमांशावर येते. 18 मिलिमीटर जाडीच्या बोर्डाची फळी तीन फुटांच्या आत ठेवावी किंवा मध्ये आधार द्यावा. पुस्तकांच्या कप्प्याला आतपर्यंत 25 ते 30 सेंटीमीटर आणि अडकवलेल्या कपड्यांच्या कपाटाला 60 सेंटीमीटर खोलवर जागा लागते. झाकणाचे खण आणि उघडे कप्पे दोन्ही असावेत, कारण या वयातल्या मुलांना काही गोष्टी दाखवायच्या असतात आणि काही नसतात.

आता रंगाविषयी, कारण बहुतेक घरांत वाद तिथेच पेटतो. मुलगी म्हणते, मला काळी भिंत हवी. आईवडिलांना वाटते, हिच्या मनात काहीतरी गडबड आहे. माझा अनुभव असा आहे की काळा रंग मागणाऱ्या बहुतेक मुलांना फक्त आपली खोली घरातल्या इतर खोल्यांसारखी दिसायला नको असते. त्या मागणीला चर्चेने उत्तर द्यावे. रंगाच्या कार्डावरचा तुकडा चारी भिंतींवर चढला की अधिक गडद आणि अधिक भडक दिसतो, कारण भिंती एकमेकींचा रंग परावर्तित करतात. हे मुलांना तोंडी सांगून पटत नाही, दाखवावे लागते. म्हणून दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर त्या रंगाचे दोन हात मारावेत आणि तो पुठ्ठा आठवडाभर वेगवेगळ्या भिंतींवर लावून सकाळी, दुपारी आणि रात्रीच्या दिव्यात पाहावा. आठवड्याअखेरीस मुले बहुधा स्वतःच म्हणतात की एकच भिंत करू, किंवा गडद हिरवा घेऊ; आणि त्यानंतरही काळाच हवा असेल तर एक भिंत काळी करून द्यावी, छत पांढरे ठेवावे, म्हणजे खोलीतला उजेड टिकतो. गडद भिंत पुन्हा फिकी करायची तर आधी प्रायमरचा एक हात आणि वर रंगाचे दोन-तीन हात लागतात. सुट्टीच्या दोन दिवसांत आटोपणारे हे काम आहे आणि त्यासाठी मुलाशी अबोला धरण्याचे काहीच कारण नाही. ते काम त्याच्याच हातून करून घेतले तर आणखी चांगले, कारण स्वतः रंगवलेल्या भिंतीवर मूल सहसा खिळे ठोकत सुटत नाही.

विचारायचे म्हणजे नेमके काय करायचे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल, कारण “तुला खोली कशी हवी?” या प्रश्नाला या वयातली मुले बहुधा “माहीत नाही” असेच उत्तर देतात. तो प्रश्न फार मोठा आहे. त्याऐवजी, शाळेतून आल्यावर दप्तर कुठे टाकतोस, फोनवर बोलताना कुठे बसतोस, मित्र आले की किती जण बसतात, रात्री पाणी प्यायला उठलास तर पायाला काय लागते, असे लहान लहान प्रश्न विचारावेत. मग टेप घेऊन मुलाकडूनच खोली मोजून घ्यावी. चौकटीच्या कागदावर एका फुटाला दोन चौकोन धरून नकाशा काढावा आणि पलंग, टेबल, कपाट यांचे त्याच मापाचे तुकडे कापून ते त्याला हवे तसे सरकवू द्यावेत. कपाटाचे दार उघडायला, खुर्ची मागे ओढायला आणि पलंगाच्या बाजूने चालायला किमान दोन-अडीच फूट जागा लागते, एवढी अट आपण सांगावी. तुकडे सरकवताना जे संभाषण होते ते वर्षभर समोरासमोर बसून होत नाही, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. खर्चाची मर्यादाही मुलापासून लपवू नये. एकूण रक्कम सांगितली की कशावर अधिक आणि कशावर कमी खर्च करायचा, याचा विचार मुले आश्चर्य वाटावे इतक्या जबाबदारीने करतात.

मुलाचे मत घेणे हा केवळ पालकांच्या उदारपणाचा भाग नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 20 नोव्हेंबर 1989 रोजी स्वीकारलेल्या बालहक्क करारातील बारावे कलम सांगते की स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला त्याचे वय व समज पाहून वजन दिले पाहिजे. सोळावे कलम त्याच्या खासगीपणाला संरक्षण देते. झोपण्या-उठण्याच्या जागेहून अधिक जवळची अशी दुसरी कोणती बाब मुलाच्या आयुष्यात असेल? तरीही पालकांनी सर्वच सोडून द्यावे, असे मी म्हणत नाही. कपाट भिंतीला बांधायचे की नाही, वायरिंग कसे असावे, गादी आणि खुर्ची कोणत्या मापाची हवी, हे मोठ्यांनी ठरवावे आणि त्यामागची कारणे सांगावीत. भिंती, पडदे, चादरी, चित्रे, सामानाची मांडणी आणि कोणती जुनी वस्तू ठेवायची हे मुलाने ठरवावे आणि त्याला कारण मागू नये. ही वाटणी काम सुरू होण्यापूर्वी स्पष्ट बोलून घेतली की पुढचे निम्मे वाद होतच नाहीत.

स्वतंत्र खोली प्रत्येक मुलाला मिळत नाही, हे मला पूर्ण ठाऊक आहे, आणि अशा घरांतली कामे मी सर्वांत मन लावून केली आहेत. दोन भावंडांच्या खोलीत मधोमध पुस्तकांची उंच मांडणी ठेवून किंवा छताला सळई लावून जाड पडदा सोडून दोन जागा करता येतात. दोघांचे दिवे वेगळे असावेत, म्हणजे एकाला वाचायचे असताना दुसऱ्याला झोपता येते. खोलीच नसेल तर बैठकीच्या खोलीतला एक कोपरा, एक फळी, चित्रे टाचायला एक फलक आणि किल्ली लावता येईल असा एक खण एवढेही पुरते. एका घरी सोळा वर्षांच्या मुलीने माझ्याकडे फक्त तेवढा खण मागितला होता आणि किल्ली हातात मिळाल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मोठमोठ्या खोल्या पूर्ण झाल्यावरही मला क्वचितच पाहायला मिळाला आहे.

दाराच्या कडीवरून घरोघरी ताण असतो. बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने उघडता येणारी कुलपे मिळतात. ती बसवली की मुलाला आतून दार लावता येते आणि अडचणीच्या प्रसंगी ते उघडताही येते. दारावर टकटक करून उत्तराची वाट पाहण्याची शिस्त मात्र कोणत्याही कुलपाने येणार नाही, ती मोठ्यांनीच पाळायची आहे. रात्री फोन खोलीबाहेर ठेवायचा असेल तर तो नियम घरातल्या सर्वांना लागू करावा आणि चार्जिंगची एकच जागा सर्वांसाठी बैठकीच्या खोलीत करावी. आईवडिलांचे फोन उशाशी आणि मुलांचे बाहेर, ही व्यवस्था मी तरी कुठल्याच घरात टिकलेली पाहिलेली नाही.

माझ्या मुलाची खोली आम्ही दीड वर्षानंतर पुन्हा केली. त्या वेळी नकाशा त्याने काढला आणि मापे मी तपासली. त्याने पलंग मी कधीच ठेवला नसता अशा कोपऱ्यात, दाराकडे पाय करून ठेवला, कारण त्याला झोपल्या जागेवरून दार दिसायला हवे होते. छत आम्ही दोघांनी मिळून पांढरे केले. निळ्यावर प्रायमर आणि तीन हात द्यावे लागले आणि माझी मान दोन दिवस दुखत होती. टेबल त्याने नवे न घेता जुन्या सामानाच्या बाजारातून एक जड सागवानी टेबल निवडले, ज्यावर कोणा अनोळखी मुलाने पूर्वी आपले नाव कोरले होते, आणि ते घासून काढण्याची माझी सूचना त्याने नम्रपणे नाकारली. पलंगासमोरची भिंत त्याने मुद्दाम रिकामी ठेवली. तिथे काय लावायचे ते नंतर ठरवीन, असे तो म्हणाला, आणि जवळजवळ वर्षभर ती तशीच होती. मला ती भिंत अपुरी वाटायची, परंतु मी काही बोलले नाही.

आपल्या पुरवणीकडे माझी एक विनंती आहे. यापुढे किशोरवयीन मुलांच्या खोल्यांवर लेख प्रसिद्ध करताना तिथे राहणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, आणि त्यांना नको असेल तर नावाशिवाय, छापावे. सोबत खोलीची लांबी-रुंदी, टेबल-खुर्चीची उंची आणि दिव्यांचा प्रकार दिला तर ते लेख वाचकांच्या प्रत्यक्ष उपयोगी पडतील. आणि छायाचित्र काम संपल्याच्या दिवशी न घेता सहा महिन्यांनी घ्यावे. तोपर्यंत चादरीला सुरकुत्या पडलेल्या असतील, भिंतीवर चार कागद टाचलेले असतील, खुर्चीवर कपडे असतील, आणि ती खोली कोणाची आहे हे वाचकांना छायाचित्रावरूनच कळेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नियमित वाचक